मिंटर सिटीची लुसिया हॅरिस

लुसिया हॅरिस ही अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातली बास्केटबॉलपटू. ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला तो १९७६ साली माँट्रियलला, आणि त्या स्पर्धेतले पहिले गुण तिच्या नावावर आहेत. त्याआधी आणि त्यानंतर, १९७५ ते १९७७ अशी सलग तीन वर्षे, तिच्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९७७ मध्ये पुरुषांच्या एनबीए लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिचे नाव रीतसर पुकारले. असा मान तिच्याआधी कोणा स्त्रीला अधिकृतपणे मिळाला नव्हता आणि पुढेही मिळालेला नाही. एवढे सगळे वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत घडले. पुढे मात्र खेळाच्या जोरावर पोट भरण्याची संधी तिला जेमतेम एका हंगामापुरती मिळाली. तिच्या अंगच्या गुणांत काही उणे होते म्हणून असे झाले नाही. ती आली तेव्हा स्त्रियांना पैसे देऊन खेळवणारी व्यवस्थाच उभी राहिलेली नव्हती.

तिचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ चा, मिंटर सिटी या खेड्यातला. हे खेडे मिसिसिपी राज्यातल्या ‘डेल्टा’ नावाच्या प्रदेशात येते. नाव डेल्टा असले तरी हे नदीचे मुख नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधला, पुराच्या गाळाने भरलेला हा सपाट, काळ्या जमिनीचा पट्टा आहे. इथले मुख्य पीक तेव्हा कापूस. मिंटर सिटी ज्या लेफ्लोर जिल्ह्यात आहे त्याचे मुख्य ठिकाण ग्रीनवुड, आणि हे गाव स्वतःला जगाची कापूस राजधानी म्हणवून घेत असे.

या कापसाचे आणि वऱ्हाडाचे नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. मिसिसिपीचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, तेव्हा लँकेशायरच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. खामगावच्या बाजाराला आलेली तेजी, मुंबईत उधळला गेलेला पैसा आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आलेला रेल्वेचा फाटा ही सारी त्याच ओढाताणीची फळे. वरवट बकाल किंवा संग्रामपूरच्या शिवारात कापूस पिकवणाऱ्याला लुसियाच्या घरची परिस्थिती फारशी समजावून सांगावी लागत नाही.

युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडेच राहिली. मुक्त झालेल्या बहुतेक कृष्णवर्णीयांपुढे बटाईशिवाय दुसरा मार्ग नव्हता. मालक जमीन, बियाणे आणि अवजारे देई, पिकातला मोठा वाटा घेई आणि वर्षभराची खावटी मळ्यावरच्याच दुकानातून उधारीवर उचलायला लावी. हिशेबाची वही मालकाच्या हातात. हंगाम संपला की कुटुंबाच्या पदरात पडे ते बहुधा पुढच्या वर्षाचे कर्ज. लुसियाचे आईवडील, एथेल आणि विली हॅरिस, याच व्यवस्थेत शेती करत होते. जोडीला भाजीपाला पिकवून विकत. अकरा भावंडांत लुसिया दहावी. मुलांना कापूस वेचायला जावेच लागे. वऱ्हाडात वेचणीला बाई कमरेला ओटी बांधते. तिकडे खांद्याला लांबलचक पोते अडकवून ते तासातून मागे ओढत न्यायचे आणि संध्याकाळी वजनावर मजुरी घ्यायची अशी रीत होती. डेल्टात वेचणीची यंत्रे १९४४ पासून येऊ लागली होती. त्यांनी हातवेचणी हळूहळू संपवली आणि लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागोसारख्या उत्तरेकडच्या शहरांकडे निघून गेली. हॅरिस कुटुंब मागे राहिलेल्यांपैकी होते.

लुसिया सहा महिन्यांची असताना, ऑगस्ट १९५५ मध्ये, त्याच लेफ्लोर जिल्ह्यातल्या मनी नावाच्या खेड्यात शिकागोहून आजोळच्या माणसांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला एका गोऱ्या बाईशी आगाऊपणे वागल्याच्या आरोपावरून पळवून नेऊन ठार मारण्यात आले. आरोपींना ज्यूरीने निर्दोष सोडले आणि सगळा देश हादरला. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. मिसिसिपीने तो जवळजवळ पंधरा वर्षे मानला नाही. लुसियाचे शालेय शिक्षण कृष्णवर्णीय मुलांसाठी उभारलेल्या शाळेतच झाले. तिची कारकीर्द वाचताना हा परिसर डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, नाहीतर ती केवळ आकड्यांची यादी होऊन बसते.

हॅरिसांच्या परसात भावांनी रिंग ठोकली होती. मोठी भावंडे तिथे खेळत आणि ही उंच होत चाललेली बहीण त्यांच्यात घुसे. रात्री घरात निजानीज झाली की ती टीव्हीसमोर पांघरूण ओढून घेई आणि त्याच्या आत एनबीएचे सामने बघे. आईला वाटे पोर झोपली. ऑस्कर रॉबर्टसन हा तिचा आवडता खेळाडू. शाळेत उंचीवरून तिला मुले चिडवत. ही उंची पुढे सहा फूट तीन इंचांवर थांबली.

ग्रीनवुडजवळच्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये तिला कॉनवे स्ट्यूअर्ट हे प्रशिक्षक भेटले. शाळेच्या संघाची ती कर्णधार झाली आणि एका सामन्यात तिने एकटीने ४६ गुण केले. तो शाळेचा विक्रम ठरला. तरीही १९७३ मध्ये शाळा संपली तेव्हा बास्केटबॉल इथेच थांबणार अशी तिची समजूत होती. तिचा विचार अल्कॉर्न स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात जाण्याचा होता आणि तिथे मुलींचा संघच नव्हता.

संघ नसणे ही तेव्हाची सर्वसाधारण गोष्ट होती, आणि त्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास होता. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्ड इथे पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. त्यानंतर काही महिन्यांतच जवळच्या स्मिथ कॉलेजमधल्या सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मुलींनी धावपळ करून दमू नये, अंगाला अंग लावून खेळू नये म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीला आपल्या भागात अडकवून ठेवले. पुढे तीनचे दोन भाग झाले आणि सहा जणींचा खेळ रूढ झाला: तिघींनी फक्त बचाव करायचा, तिघींनी फक्त बास्केट टाकायची, मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. बाईच्या शरीराला जास्त श्रम सोसत नाहीत हे त्यामागचे गृहीतक. कापसाच्या शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायका ज्या राज्यात हजारोंनी होत्या तिथेही हे गृहीतक कोणाला विनोदी वाटले नाही. कॉलेजच्या मुलींसाठी पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ अधिकृत झाला तो १९७१ मध्ये.

त्याच सुमारास कॉलेजांतल्या स्त्रियांच्या खेळांसाठी एआयएडब्ल्यू ही संघटना स्थापन झाली आणि १९७२ पासून तिने राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवली. जून १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातल्या ‘टायटल नाइन’ या कलमाने केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली. कलमाच्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नाही, पण त्याचा सर्वांत ठळक परिणाम दिसला तो कॉलेजांच्या मैदानांवर. लुसियाचे शालेय शिक्षण एक-दोन वर्षे आधी संपले असते तर तिचे नाव ग्रीनवुडच्या बाहेर कोणाला कळण्याचे कारण नव्हते.

क्लीव्हलँड हे डेल्टातलेच एक छोटे गाव आहे, आणि तिथल्या डेल्टा स्टेट कॉलेजने १९७३ मध्ये मुलींचा संघ पुन्हा सुरू करायचे ठरवले. पुन्हा म्हणायचे कारण असे, की हा संघ पूर्वी होता. १९३२ मध्ये, हा खेळ तरुण मुलींना झेपण्यासारखा नाही असे सांगून कॉलेजने तो बंद केला होता. त्या वेळच्या संघात मार्गारेट वेड नावाची खेळाडू होती. बंदीची बातमी आली तेव्हा मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले. वेड यांनी पुढे क्लीव्हलँडच्या हायस्कूलमध्ये वर्षानुवर्षे मुलींचे संघ घडवले, मग त्या डेल्टा स्टेटमध्येच शारीरिक शिक्षण शिकवू लागल्या. एक्केचाळीस वर्षांनी संघ परत उभा करायची वेळ आली तेव्हा कॉलेजने त्यांनाच बोलावले. त्या वेळी त्यांनी साठी गाठली होती. क्रीडा इतिहासात असा हिशेब क्वचितच चुकता होतो.

नव्या संघासाठी डेल्टा स्टेटच्या मेल्विन हेम्फिल यांनी लुसियाला गाठले आणि तिचे मन वळवले. मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची पद्धत नव्हती. लुसिया गुणवत्तेची शिष्यवृत्ती आणि कॉलेजातच काम करून मिळणारे पैसे यांवर शिकली. डेल्टा स्टेटने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. सुरुवातीला संघात ती एकटीच कृष्णवर्णीय. घरचे सामने होत त्या सभागृहाला वॉल्टर सिलर्स यांचे नाव होते. मिसिसिपी विधानसभेचे हे दीर्घकाळचे सभापती वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. त्याच सभागृहात दोन-तीन वर्षांत गोरे प्रेक्षक लुसियाच्या नावाचा गजर करू लागले, मुलींच्या सामन्यांना मुलांच्या सामन्यांपेक्षा जास्त गर्दी होऊ लागली, आणि कॉलेजच्या वार्षिक सोहळ्याची ‘होमकमिंग क्वीन’ म्हणून विद्यार्थ्यांनी तिची निवड केली. हा मान मिळालेली ती डेल्टा स्टेटमधली पहिली कृष्णवर्णीय मुलगी. एवढ्यावरून डेल्टाचे मन पालटले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जिंकणाऱ्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवणे सोपे असते. पण त्या टाळ्याही आधी कोणी वाजवल्या नव्हत्या.

तिचा खेळ वरवर पाहता साधा होता. ती सेंटरच्या जागी खेळे. बास्केटकडे पाठ करून रिंगपासून हातभर अंतरावर उभे राहायचे, मागून रेटणाऱ्या खेळाडूला अंगाने अडवून धरायचे, चेंडू उंच हातात घ्यायचा, एका पायावर वळायचे आणि बोर्डाच्या आधाराने तो आत सोडायचा. नेम चुकलाच तर रिबाउंडसाठी सर्वांत आधी तिचाच हात वर असे. ताकद भरपूर होती, पण तिची खरी शक्ती मऊ हातांत आणि योग्य क्षण ओळखण्यात होती. म्हणूनच तिच्या फेकींतल्या निम्म्याहून खूप जास्त आत जात. तिला चेंडू पुरवणारी डेबी ब्रॉक ही गार्ड अवघी चार फूट अकरा इंच उंचीची. ही जोडी मैदानात उतरली की पाहणारे आधी हसत आणि मग गप्प होत. या सगळ्याला आणखी एक संदर्भ आहे. तेव्हा तीन गुणांची रेघ नव्हती, आणि स्त्रियांसाठी लहान आकाराचा चेंडू १९८० च्या दशकात आला. लुसियाने तिचे सगळे गुण पुरुषांच्या चेंडूने, दोन-दोन आणि एक-एक करून जमवले आहेत.

पहिल्या हंगामात डेल्टा स्टेटने १६ सामने जिंकले आणि २ गमावले. दुसऱ्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, २८ पैकी २८ जिंकले. अंतिम सामन्यात समोर होता पेनसिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक कॉलेजचा संघ. स्पर्धा सुरू झाल्यापासूनची तिन्ही विजेतेपदे त्यांच्याकडे होती, प्रशिक्षक कॅथी रश यांचा देशभर दबदबा होता आणि प्रेक्षकांत बसलेल्या जोगिणी बादल्या बडवून आपल्या मुलींना चेतवत. डेल्टा स्टेटने तो सामना ९०-८१ असा जिंकला. त्यात लुसियाचे ३२ गुण आणि १६ रिबाउंड होते. ज्या कॉलेजने दोन वर्षांपूर्वी संघ उभा केला त्याने देशातले सर्वांत मोठे नाव खाली उतरवले.

पुढच्या हंगामात डेल्टा स्टेटची विजयाची साखळी ५१ सामन्यांवर पोचली आणि ती तोडली पुन्हा इमॅक्युलाटानेच. पण अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर आले तेव्हा डेल्टा स्टेटने ६९-६४ अशी बाजी मारली. त्या वर्षी लुसियाची सरासरी सामन्याला ३१ गुणांहून अधिक होती, देशात सर्वाधिक. १९७७ मध्ये लुइझियाना स्टेटला ६८-५५ असे हरवून तिसरे विजेतेपद आले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्या ठिकाणी, जिथे स्त्रियांचा सामना हीच नवलाई होती, तिने एका सामन्यात ४७ गुण केले. चार वर्षांचा हिशेब असा: १०९ विजय, ६ पराभव, लुसियाचे २,९८१ गुण आणि १,६६२ रिबाउंड, म्हणजे सामन्याला सरासरी २५.९ गुण आणि १४.५ रिबाउंड. १९७७ मध्ये देशातली सर्वोत्कृष्ट महिला कॉलेज खेळाडू म्हणून तिला ब्रॉडरिक कप मिळाला, आणि त्या निवडीत बास्केटबॉलच काय, सगळेच खेळ जमेस धरलेले असत.

या दरम्यान ती राष्ट्रीय संघातही आली. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ पासून होता. स्त्रियांना चाळीस वर्षे थांबावे लागले. शिवाय अमेरिकेचा महिला संघ तेव्हा जगात वरच्या क्रमांकाचा मुळीच नव्हता. १९७५ च्या जागतिक स्पर्धेत तो आठवा आला. त्याच वर्षी मेक्सिको सिटीतल्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण मिळाले खरे, पण माँट्रियलचे तिकीट मिळवायला कॅनडातल्या हॅमिल्टन इथे पात्रता स्पर्धा खेळावी लागली. बिली मूर या प्रशिक्षक होत्या. संघात ॲन मायर्स होती, अठरा वर्षांची नॅन्सी लिबरमन होती आणि पुढे पॅट समिट या नावाने प्रशिक्षक म्हणून गाजलेली पॅट हेडही होती.

स्पर्धेत सहाच देश होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे होते. १९ जुलै १९७६ रोजी पहिला सामना अमेरिका आणि जपान यांच्यात झाला. त्यात लुसियाने टाकलेली बास्केट ही ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलची पहिली. सामना मात्र जपानने ८४-७१ असा जिंकला. मग अमेरिकेने बल्गेरिया, कॅनडा आणि चेकोस्लोव्हाकिया यांना हरवले. सोव्हिएत संघापुढे त्यांचे काही चालले नाही. त्या संघात उल्याना सेम्योनोव्हा ही सुमारे सात फूट उंचीची सेंटर होती. आयुष्यभर सगळ्यांपेक्षा उंच असलेल्या लुसियाला इथे मान वर करून बघावे लागले. निकाल ११२-७७. अमेरिका आणि बल्गेरिया यांचे विजय सारखेच, पण आपसांतला सामना अमेरिकेने जिंकला असल्याने रौप्यपदक अमेरिकेला मिळाले. लुसियाची सरासरी १५.२ गुणांची, अमेरिकन संघात सर्वाधिक. दक्षिणेतल्या मळ्यावर वाढलेल्या मुलीच्या गळ्यात ऑलिंपिक पदक आले.

जून १९७७ मध्ये एनबीएच्या निवडीच्या सातव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकावर, न्यू ऑर्लिन्स जॅझने तिचे नाव घेतले. तिच्यानंतरही बऱ्याच पुरुष खेळाडूंची नावे पुकारली गेली. यापूर्वी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने डेनिस लाँग या आयोवातल्या शाळकरी खेळाडूला निवडले होते, पण लीगच्या आयुक्तांनी ती निवड रद्द केली. लुसियाची निवड कोणी रद्द केली नाही. यात प्रसिद्धीची हौस किती आणि गंभीरपणा किती, याबद्दल मते वेगवेगळी आहेत. जॅझचा संघ तेव्हा फारसा जिंकत नव्हता आणि प्रेक्षक खेचण्याची गरज त्याला होतीच. तेव्हा हौस बरीच असावी असे मानायला जागा आहे. लुसियाने स्वतः तो प्रस्ताव मनावर घेतला नाही. फेब्रुवारीत तिचे जॉर्ज स्ट्यूअर्ट यांच्याशी लग्न झाले होते आणि ती गरोदर होती. शिवाय स्त्रियांमध्ये आपण कोण आहोत आणि एनबीएच्या पुरुषांपुढे काय असू, याचे भान तिला होते. ती चाचणीला गेलीच नाही, आणि याचा पश्चात्ताप होत नाही असे तिने म्हातारपणीही सांगितले.

तिचा खरा प्रश्न वेगळा होता. कॉलेज संपल्यावर पुरुष खेळाडू एनबीएत जाई आणि त्याला बक्कळ पैसा मिळे. देशातल्या सर्वोत्तम स्त्री खेळाडूला पुढे काहीच नव्हते. अमेरिकेत स्त्रियांची पहिली व्यावसायिक लीग १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या ह्यूस्टन एंजल्स या संघाकडून लुसिया १९७९-८० चा हंगाम खेळली. तोवर ती आई झाली होती. पगार वेळेवर न होणे, संघ मधेच बंद पडणे अशा अडचणींनी ग्रासलेली ही लीग १९८१ मध्ये बुडाली.

पुढची वर्षे तिने शिक्षणक्षेत्रात काढली. डेल्टा स्टेटमध्ये तिने प्रवेश विभागात आणि साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले, तिथूनच शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९८४ ते १९८६ ती टेक्सस सदर्न विद्यापीठाच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक होती. मग ती मिसिसिपीत परतली, आणि ज्या अमांडा एल्झी शाळेतून तिचा खेळ सुरू झाला होता तिथे शिकवू लागली, मुलींचा संघ हाताळू लागली. तिला चार मुले झाली: दोन मुलगे आणि जुळ्या मुली. याच काळात तिला बायपोलर या मनोविकाराने गाठले. प्रसिद्धी ओसरल्यावर आलेले रितेपण, बाळंतपणे, नोकरी आणि आजार यांची सांगड घालत तिने संसार केला. आजाराबद्दल ती पुढे उघडपणे बोलली.

१९९२ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेमने तिला आणि टेनेसीच्या नेरा व्हाइट यांना एकाच वर्षी स्थान दिले. खेळाडू म्हणून तिथे पोचलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया, आणि त्यांतली लुसिया ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. समारंभात तिला मंचावर घेऊन जाण्याचा मान ऑस्कर रॉबर्टसनकडे होता. पांघरुणाखालून ज्याला बघितले तोच. मार्गारेट वेड यांचा समावेश त्याआधी, १९८५ मध्येच झाला होता. त्यांच्या नावाची वेड ट्रॉफी कॉलेजांतल्या सर्वोत्तम महिला खेळाडूला १९७८ पासून दिली जाते. म्हणजे तिची सुरुवात झाली तीच लुसिया कॉलेज सोडून गेल्यानंतरच्या वर्षी.

असे निसटणे तिच्याबाबत वारंवार घडले. महिलांचे कॉलेज खेळ १९८२ मध्ये एनसीएए या पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने आपल्याकडे घेतले आणि एआयएडब्ल्यू संपली. नव्या संघटनेने आपले विक्रमांचे पुस्तक कोरे सुरू केले. त्यामुळे लुसियाचे २,९८१ गुण आणि तीन विजेतेपदे त्या पुस्तकात आली नाहीत. कारभार बदलला की आधीच्याची वही माळ्यावर टाकायची, ही खोड फक्त अमेरिकेचीच आहे असे नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पॅट समिटच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकन महिलांनी पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तेव्हा लुसिया एकोणतीस वर्षांची होती. एनबीएच्या पाठबळाने महिलांची डब्ल्यूएनबीए ही लीग १९९७ मध्ये उभी राहिली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती.

जनमानसातून तिचे नाव जवळजवळ पुसले गेले होते. ते परत आणले एका छोट्या माहितीपटाने. बेन प्राउडफुट या दिग्दर्शकाने तिला कॅमेऱ्यासमोर बसवून बोलते केले आणि बावीस मिनिटांचा ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात निवेदक नाही. पासष्टी ओलांडलेली लुसिया स्वतःच सांगते, मधेच खळखळून हसते, आणि जुनी चित्रे तिच्या बोलण्याला साथ देतात. शकील ओनील आणि स्टेफन करी हे एनबीएतले दोन बडे खेळाडू निर्माते म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहिले.

१८ जानेवारी २०२२ रोजी लुसिया हॅरिसचे निधन झाले. ती ६६ वर्षांची होती. मृत्यू झाला ते माउंड बायू हे गावही डेल्टातलेच; गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८८७ मध्ये स्वतःच्या बळावर वसवलेले. दोन महिन्यांनी, २७ मार्च २०२२ रोजी, तिच्यावरच्या माहितीपटाला लघु माहितीपट विभागात ऑस्कर पुरस्कार मिळाला.